दोरीला लागून बसा

दिवाळी आटोपून कपाशीचे पहिले वेचे घरात आले की मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या भागांतल्या चौकांत फलक लागू लागतात : कबड्डीचे भव्य खुले सामने. पहिल्या तीन बक्षिसांचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, बक्षीस देणाऱ्यांची नावं त्याहून मोठ्या अक्षरांत, आणि खाली कोपऱ्यात प्रवेश फी, वजन गट आणि दोन मोबाइल नंबर. कोणता सामना किती वाजता आणि कुणाचा कुणाशी, हे मात्र फलकावर कधीच सापडत नाही. तिकीट नसतं, आसनक्रमांक नसतो. गावातल्या माणसाला ते विचारावंही लागत नाही, पण बाहेरून आलेला माणूस इथेच अडतो.

रिद्धपूर याच पट्ट्यातलं, मोर्शी तालुक्यातलं गाव. महाराष्ट्राला ते गोविंदप्रभूंचं आणि म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचं गाव म्हणून ठाऊक आहे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचं गाव म्हणूनही. विद्यापीठामुळे इथे बाहेरगावची मुलं-मुली राहायला येऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणी हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री आसपासच्या गावातून येणारा माईकचा आवाज ऐकून मैदानाकडे निघालं, तर तिथे काय चाललेलं असतं आणि ते कसं पाहायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. प्रो कबड्डी टीव्हीवर पाहून कबड्डी कळते असं पुष्कळांना वाटतं. ती अर्धीच कळते. टीव्हीचा कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या मागे धावतो आणि उरलेले सात गडी चौकटीच्या कडेला जातात. गावच्या मैदानावर ते सातही जण तुमच्यासमोर असतात, आणि खरा खेळ त्यांच्यातच घडतो.

फलकावर सायंकाळी सहाची वेळ असली तरी पहिला सामना त्या वेळेला लागत नाही. सहा वाजता नोंदणी आणि वजन सुरू होतं. मी तरी त्याच वेळी जायला सांगेन. शाळेच्या व्हरांड्यात किंवा मंडपाच्या एका बाजूला वजनकाटा ठेवलेला असतो, शेजारी टेबल, टेबलावर आधार कार्डांचा गठ्ठा. मुलं स्वेटर, चपला, हातातला दोरा, कमरेचा करदोडाही काढून काट्यावर चढतात. पाव किलो जास्त भरलं की तो गडी दोन स्वेटर चढवून मैदानाभोवती पळायला लागतो, घाम काढतो, थुंकून टाकतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा रांगेत येतो. त्याच्या सगळ्या चमूचे डोळे काट्यावर लागलेले असतात. वजन गट ठेवण्याचं कारण सरळ आहे. पकड ही शेवटी अंगाच्या भाराची गोष्ट आहे. खुल्या गटात नव्वद किलोचा कोपरा, म्हणजे टोकाला उभा राहून पकड करणारा गडी, मिळाला तर सत्तावन्न किलोचा चपळ पोरगा दिवसभर संत्र्याच्या कॅरेट उचलून येऊनही काही करू शकत नाही. वजन गटात मात्र दोघंही बरोबरीने उभे राहतात. म्हणून लहान वजन गटांतले सामने जास्त वेगवान होतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याने तेच आधी पाहावेत.

सगळे संघ आले की चिठ्ठ्या निघतात. संघांची संख्या आठ, सोळा, बत्तीस अशी क्वचितच जुळते, म्हणून काही संघांना पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसतो. त्यांना 'पुढे चाल' मिळते. बाद पद्धत असते, हरला की संघ घरी. पहिल्या फेरीत एकतर्फी सामने बरेच होतात, आणि संघ जास्त असले की आयोजक डावांची वेळही आखडती घेतात. अधिकृत पुरुष सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. गावात रात्र पुरावी म्हणून तो बराच लहान होतो. उपउपांत्य फेरी लागेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. थंडी बोचरी असते, शाल आणि कानटोपी हवीच. मैदानाबाहेर चहा आणि गरम भजी मिळतात, एखाद्या गाडीवर गिला वडाही असतो.

आता मैदान. आपल्याकडच्या काळ्या मातीत कबड्डी होत नाही. ती वाळली की भेगाळते, ओली झाली की पायाला धरते. म्हणून आयोजक मंडळ दोन-तीन दिवस आधी मऊ, चाळलेली माती आणून पसरतं, पाणी मारतं, रोलर फिरवतं, पुन्हा पाणी मारतं. खडा राहिला तर गुडघा फुटतो, म्हणून पोरं ओणवी होऊन हाताने खडे वेचतात. त्यावर चुन्याच्या फक्कीने रेषा पडतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणि तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचा पट्टा आहे, त्याला राखीव क्षेत्र म्हणतात. बायकांचं मैदान १२ बाय ८. या चार-पाच रेषा डोळ्यांत बसल्या की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

बसायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मान्यवरांच्या खुर्च्या मध्यरेषेसमोर असतात. ती जागा मानाची, पण पाहण्यासाठी सगळ्यांत वाईट. तिथून दोन्ही अंगणं तिरपी दिसतात आणि बोनस मुळीच दिसत नाही. दोरीला लागून, जमिनीवर, बोनस रेषेच्या सरळ रेषेत बसा. तिथून चढाई करणाऱ्याचा पुढचा पाय बोनस रेषा पूर्ण ओलांडून पलीकडे टेकला का, आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत होता का, हे तुम्हाला पंचाइतकंच स्वच्छ दिसतं. बोनसच्या नियमात या दोन अटी आहेत, आणि तिसरी अट म्हणजे समोर निदान सहा गडी मैदानात हवेत. पाच उरले की बोनस बंद. गर्दीतून "बोनस झाला ना पंच साहेब, काहून देऊन नाई राह्यले?" असा आवाज उठतो तेव्हा ओरडणाऱ्याने बहुधा गडी मोजलेले नसतात.

दुसरी चांगली जागा अंतिम रेषेमागे आहे. तिथे बाद झालेले गडी बसतात, म्हणजे तिथे बसायची जागा आखलेली असते. हे गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने मैदानात परत येतात. आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला एक परत. बोनसचा गुण मिळाला तर गुण चढतो, पण कुणी परत येत नाही. हा हिशेब कळला की सामना वाचता येतो. समजा, संघाचा सगळ्यांत मोठा चढाईबहाद्दर बाद होऊन रांगेत तिसरा बसला आहे. मग त्याचा संघ आता तीन गडी टिपायच्या मागे लागणार, जोखीम घेणार. आणि समोरचा संघ उगाच पकडीला न जाता वेळ काढणार, कारण प्रत्येक चुकीने तो पठ्ठ्या एक पाऊल जवळ येतो. रांगेत बसलेल्या गड्यांचे चेहरे पाहून सामना कुठे चालला आहे हे गुणफलकाच्या आधी कळतं. जुन्या काळी महाराष्ट्रात हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजत. आजची कबड्डी बाद गड्याला परत आणणाऱ्या संजीवनीच्या वाटेने आली, आणि माझ्या मते खेळातला सगळा जीव त्या परत येण्यात आहे.

चढाई पाहताना आधी कान लावा. चढाई करणाऱ्याने मध्यरेषा ओलांडण्याआधीच 'कबड्डी, कबड्डी' असा दम सुरू करायला हवा, तो स्पष्ट ऐकू यायला हवा आणि परत येईपर्यंत तुटता कामा नये. उशिरा सुरू केला तर पंच त्याला परत पाठवतात आणि समोरच्या संघाला एक गुण आणि चढाई मिळते. तुटला तर तो बाद. चढाईला ३० सेकंद मिळतात. टीव्हीवर समालोचकांच्या आवाजाखाली हा दम दबून जातो. गावात दोरीपाशी बसलात तर तो स्वच्छ ऐकू येतो, आणि थोडा वेळ ऐकलं की लक्षात येतं : अंगणात चाचपणी चालू असताना दम संथ असतो, आणि हात किंवा पाय मारण्याच्या क्षणाआधी तो आखूड आणि घाईचा होतो. चांगले कोपरे हे ऐकूनच हलतात. कसलेला चढाईबहाद्दर हे जाणून दमाची चाल मुद्दाम बदलतो, आणि कोपरा फसतो.

मग डोळे सातांवर न्या. डाव्या आणि उजव्या टोकाला कोपरे, त्यांच्या शेजारी त्यांचे जोडीदार, नंतर दोन कव्हर आणि मध्ये एक. बाहेरचे गडी एकमेकांचे हात धरतात. नीट पाहिलं तर ते पंजा धरत नाहीत, मनगटाजवळ किंवा बोटांच्या आकड्यात धरतात, कारण झटक्यात सोडता आलं पाहिजे. चढाईचा गडी उजव्या कोपऱ्याकडे वळला की अख्खी साखळी तिकडे सरकते, आणि डावीकडे जागा उघडी पडते. चढाईवाल्याला तीच हवी असते. आता हे दृश्य : गडी उजवीकडे बोनसला पाय टाकल्यासारखं करतो, कोपरा एक पाऊल पुढे येतो, घोट्यावर झेप घालायला गुडघा वाकवतो. त्याच वेळी कव्हर एक पाऊल मागे राहिलेला असतो. कोपऱ्याने घोटा धरला आणि कव्हर वेळेत आला नाही, तर चढाईवाला कोपऱ्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. नुसतं बोट टेकलं तरी त्याचा गुण. कव्हर बरोबर अर्ध्या सेकंदात खांद्याने आला, तर चढाईवाला राखीव क्षेत्राबाहेर फेकला जातो. लोक घोटा धरणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. मी कव्हरसाठी वाजवतो. पकडीची हिंमत कोपऱ्याची असते, ती पूर्ण कव्हर करतो, आणि त्याचं नाव माईकवर क्वचितच घेतलं जातं.

राखीव क्षेत्रावरून भांडणं फार होतात, म्हणून तो नियम नीट समजून घ्यावा. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत तो पट्टा मैदानाचा भाग नाही. त्याआधी त्यात पाय पडला तर तो गडी बाद, चढाईवाला असो की बचाववाला. स्पर्श झाला की पट्टा मैदानात येतो आणि मैदान दोन्ही बाजूंनी एक-एक मीटरने रुंदावतं. म्हणजे सगळा वाद एकाच गोष्टीवर येतो : आधी स्पर्श झाला की आधी पाय पडला? दोन पंच दोन बाजूंना असतात, त्यांचं एकमत झालं नाही तर निर्णय सरपंच देतो. (ग्रामपंचायतीचा सरपंचही कधी कधी तिथेच खुर्चीवर बसलेला असतो, त्याला मात्र या निर्णयात काही बोलता येत नाही.) गावच्या सामन्यात पुन्हा दाखवायला चित्रफीत नसते, म्हणून पंचाचा अधिकार मोठा असतो आणि त्याच्यावरचा ताणही. निर्णय पटला नाही तरी दोरी ओलांडून आत जाऊ नका. सामना थांबतो, एखाद्या वेळी पूर्ण स्पर्धाच मोडते, आणि महिनाभर राबलेल्या मंडळाची मेहनत पाण्यात जाते.

बाकीचे गुण झटपट सांगतो. सातही गडी बाद झाले की लोण, त्याचे दोन जादा गुण, आणि मग तो पूर्ण संघ पुन्हा मैदानात. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक जादा गुण, ती अव्वल पकड. एका चढाईत तीन किंवा जास्त गुण आले तर अव्वल चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. हा नियम गावच्या प्रत्येक स्पर्धेत लावतातच असं नाही, म्हणून सामन्याआधी माईकवर नियम वाचतात ते ऐकावं. बाद फेरीत गुण बरोबरीत राहिले तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देतात. ही पाच-पाच चढायांची वेळ आली की झोपेला टेकलेली माणसंही उठून दोरीपाशी येतात.

माईकवरचा माणूस हा या सामन्यांचा आत्मा आहे. तो गुण सांगतो, गड्यांना वऱ्हाडीत हाका मारतो, आणि बक्षिसंही जाहीर करतो. मैदानातल्या कुणाचा तरी एखाद्या चढाईवर जीव जडतो, तो शंभराची किंवा पाचशेची नोट टेबलावर नेऊन देतो आणि माईकवरून जाहीर होतं की या गड्याला अमुक गावच्या अमुक भाऊंकडून इतके रुपये. हे बक्षीस त्या क्षणी, त्या एका चढाईसाठी असतं. दिवसभर मजुरी करून रात्री खेळायला येणाऱ्या पोराला ते पैसे खिशात घेऊन घरी जाता येतं. पाहायला गेलात आणि एखादी पकड मनापासून आवडली, तर तुम्हीही टेबलापर्यंत जा. रक्कम लहान असली तरी चालते, नाव मात्र मोठ्याने घेतलं जातं.

खेळाचे पंच आणि प्रशिक्षक कुठून येतात, हेही सांगायला हवं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यांत कबड्डी होती. इथल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून गेलेले शिक्षक गावोगावच्या शाळांत आहेत, आणि रात्रीच्या मैदानावर शिट्टी धरणारे बहुतेक तेच असतात. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. म्हणजे गावच्या मैदानावरून जिल्हा निवड, तिथून विदर्भाचा संघ, तिथून राष्ट्रीय स्पर्धा अशी वाट आहे, निदान कागदावर. अडचण एका ठिकाणी आहे : वरचे सामने मॅटवर, बूट घालून होतात. मातीवर अनवाणी वाढलेल्या पोराला घसरत पाय मागे घ्यायची सवय असते. मॅटवर पाय धरला जातो, घोटा मुरगळतो. उलट मॅटवर वेग जास्त मिळतो, धावता हात मारता येतो, झेप घालताना कोपर सोलवटत नाही. पाच-सहा गावांत मिळून एक मॅट असती तर कितीतरी मुलं निवड चाचणीत पहिल्या दिवशी बाद झाली नसती. हे मला फार लागतं, कारण ती मुलं खेळात कमी नसतात, त्यांना फक्त त्या पृष्ठभागाची ओळख नसते.

कोरियाचं उदाहरण इथे आठवावं. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला ३४-३२ असं हरवलं. शेवटच्या काही मिनिटांत सामना फिरवणाऱ्यांत जांग कुन ली होता, तेव्हा प्रो कबड्डीत बंगालकडून खेळणारा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही साखळीत कोरियाने भारताला २४-२३ असं हरवलं आणि पुढे रौप्यपदक घेतलं. ज्या देशात कबड्डीला गावच्या मैदानाची परंपरा नाही, तिथल्या मुलांनी ती मॅटवरच शिकली आणि आपल्याला आपल्याच घरात गाठलं. त्यांच्याकडे मॅट होती पण फक्कीच्या रेषांमागे बसलेलं गाव नव्हतं. आपल्याकडे गाव आहे.

बायकांचे सामने असले तर ते दुपारी किंवा संध्याकाळी लवकर लावतात, आणि पाहणारे कमी असतात. ते चुकवू नका. बायकांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून चालू आहेत. आशियाई स्पर्धेत मात्र पुरुषांची कबड्डी १९९० ला आली आणि बायकांना २०१० पर्यंत थांबावं लागलं. लहान मैदानामुळे त्यांच्या खेळात चढाईवालीला पळायला जागा कमी, म्हणून साखळी पकडी जास्त आणि फार नेमक्या होतात. साखळी शिकायची तर मुलींचा सामना पाहावा. बाहेरून आलेल्या मुलींना एकटीने रात्री थांबायचं नसेल तर दुपारची वेळ सोयीची पडते, शिवाय बायकांसाठी दोरीलगत वेगळी जागा बहुतेक ठिकाणी ठेवलेली असते. नसेल तर आयोजकांना "दादा, आम्हाला बसायला जागा करून द्या" एवढं सांगितलं की होते.

अंतिम सामना बहुधा पहाटे होतो. निकाल लागला की उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांची वैयक्तिक बक्षिसं आधी देतात, मग संघांची. तोवर थांबा, कारण याच वेळी शेजारच्या गावांतल्या मंडळांची पोरं आपल्या सामन्यांची हँडबिलं वाटत फिरतात, आणि माईकवाला ती एकेक करून वाचून दाखवतो : गाव कोणतं, तारीख कोणती, वजन गट कोणता, प्रवेश फी किती. पुढचा सामना कुठे पाहायचा हे तिथेच कळतं.